उष्मांकांचा हिशेब आणि ताटातली भाकरी

वजन कमी करायचे तर काय खावे, असा प्रश्न पूर्वी विचारला जाई. हल्ली काय खावे हे फारसे कोणी विचारीत नाही. किती उष्मांक खावेत, एवढेच विचारतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना हा बदल मी सांगायला नको. ताट पुढे आले की आधी मोबाइल बाहेर निघतो. त्यात पोळी, भात, आमटी अशी नावे भरली जातात आणि खाली एक आकडा उमटतो. आकडा ठरवलेल्या मर्यादेत बसला की ते जेवण पुण्याचे आणि मर्यादा ओलांडली की पापाचे! मग एखादी मैत्रीण सहज म्हणून जाते, "आज मी जेवतच नाही. त्याऐवजी बिस्किटाचा पुडा खाते. उष्मांक तेवढेच!"

ह्या 'तेवढेच' शब्दाबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. उष्मांक सारखे असतील, तर आपण काय खातो ह्याला काही महत्त्व उरत नाही काय? माझे स्वतःचे उत्तर 'उरते, आणि फार उरते' असे आहे. परंतु हे उत्तर देण्यापूर्वी समोरच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. कारण त्या बाजूला विज्ञानाचा भक्कम आधार आहे आणि तो नाकारून वादात जिंकता येणार नाही.

उष्मांक म्हणजे उष्णतेचे माप. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे आहारशास्त्रातला एक उष्मांक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने माणसाला खोलीएवढ्या बंद यंत्रात ठेवून त्याने खाल्लेल्या अन्नाचा आणि शरीरातून बाहेर पडलेल्या उष्णतेचा हिशेब मांडला. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९ उष्मांक मिळतात, हे आजही पाकिटांवर छापले जाणारे गणित त्यांच्याच कामातून आले. पुढे १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स ह्या अमेरिकन महिला डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी उष्मांक मोजायला शिकवणारे पुस्तक लिहिले आणि प्रयोगशाळेतले हे माप घराघरांतल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

आपल्याकडे मात्र उष्मांकांची चर्चा गाजली ती वेगळ्याच कारणाने. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांकांचे अन्न ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी कसोटी त्यांनी लावली. म्हणजे अमेरिकेत ज्या मापाने जाड माणसाचे जास्तीचे अन्न मोजले, त्याच मापाने आपल्या देशात भुकेल्या माणसाचे कमी पडलेले अन्न मोजले गेले. अर्थशास्त्राच्या तासाला हे ऐकताना मला आमचे घर आठवत होते. मंगळवेढ्याकडच्या माझ्या गावी कोणी उष्मांक मोजत नाही; पायल्या मोजतात. कणगीतली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरेल का, हाच आमच्या घरचा आहारशास्त्राचा प्रश्न. कॉलेजात येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे अन्न कमी खाण्यासाठी कोणी हिशेब ठेवतो, हे मी प्रथम इथे येऊन पाहिले.

असो. आता समोरच्या बाजूचा पुरावा पाहू. २०१० साली अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब ह्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. दहा आठवडे त्यांनी मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि गोड बिस्किटे ह्यांवर दिवस काढले. मात्र दिवसाचे उष्मांक १८०० च्या आत ठेवले. त्यांचे वजन २७ पौंडांनी, म्हणजे १२ किलोंनी उतरले. एवढेच नव्हे, तर त्यांचे घातक कोलेस्टेरॉलही कमी झाले! २००९ साली अमेरिकेतच ८११ माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाच्या आहारात स्निग्धांश जास्त, कोणाच्या प्रथिने जास्त, कोणाच्या पिष्ट जास्त असे चार गट केले होते. दोन वर्षांनी चारही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरलेले आढळले.

ह्याचा अर्थ सरळ आहे. शरीराला लागते त्याहून कमी ऊर्जा पोटात गेली, तर वजन उतरते. मग ती ऊर्जा केकातून येवो की भाकरीतून. भात सोडला म्हणून किंवा रात्री जेवले नाही म्हणून वजन उतरते असे जे सांगितले जाते, त्यातही बहुधा एकूण उष्मांक कमी झालेले असतात. हा नियम मान्य केलाच पाहिजे. गूळ साखरेपेक्षा 'हलका' म्हणून चहात दुप्पट गूळ घालणाऱ्यांनी तर तो जरूर पाठ करावा. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक असतात, गुळात सुमारे ३८०. आपल्या अत्यंत पौष्टिक शेंगदाण्यांत तर १०० ग्रॅमला ५६० च्या वर असतात. गावाकडचे आहे म्हणून ते अंगाला लागत नाही, असे होत नाही.

मग माझा आक्षेप कशाला? आक्षेप असा की हा नियम वजनाचा काटा कशाने हलतो एवढेच सांगतो. माणूस तो नियम किती दिवस पाळू शकेल आणि पाळून त्याच्या अंगात काय उरेल, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे उष्मांकांच्या आकड्यात नसतात. ती ताटातल्या पदार्थांत असतात.

पहिला प्रश्न भुकेचा. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांची परीक्षा घेतली. प्रत्येक पदार्थ २४० उष्मांकांएवढाच खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते ते विचारले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले, तर लोण्याच्या घड्या असलेल्या क्रोसाँ नावाच्या पावाला अवघे ४७! उष्मांक अगदी तेवढेच, पण पोट भरण्यात जवळजवळ सातपट फरक. बिचाऱ्या बटाट्याला आपण जाडीसाठी उगाच बदनाम केले आहे. दोष बटाट्याचा नसून त्याला पिवळाधमक करणाऱ्या कढईतल्या तेलाचा आहे.

२०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल ह्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. वीस माणसांना संस्थेतच ठेवून त्यांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त पदार्थ आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे शिजवलेले अन्न दिले. दोन्ही वेळी पुढे ठेवलेल्या अन्नात उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू हे सारे सारखे होते. त्यातले हवे तेवढे खायची मोकळीक होती. कारखान्याच्या पदार्थांवर असताना माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. त्यांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे ९०० ग्रॅमने वाढले आणि साध्या अन्नावर जवळजवळ तेवढेच उतरले. त्यांना कोणी जास्त खा म्हणून आग्रह केला नव्हता. तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा खरा असला, तरी तो पुडा संपल्यावर पोट पुढे काय मागणार हे त्यावर छापलेले नसते. प्राध्यापक हॉब ह्यांना आपला हात आवरता आला. ते पोषणशास्त्राचे जाणकार होते, रोज जीवनसत्त्वांची गोळी आणि प्रथिनांचे पेय घेत होते, थोड्या भाज्याही खात होते. आणि दहा आठवड्यांनी त्यांचा प्रयोग संपणार होता. आपले आयुष्य म्हणजे काही दहा आठवड्यांचा प्रयोग नव्हे.

दुसरा प्रश्न अंगात काय उरते ह्याचा. वजन उतरते तेव्हा केवळ चरबी उतरत नाही, स्नायूही झिजतात. ही झीज कमी ठेवायची तर पुरेशी प्रथिने आणि हातापायांना कष्ट हवेत. शिवाय प्रथिने पचवायला शरीराला बराच खर्च करावा लागतो. त्यांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच जाते. स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हा खर्च फार तर ३ टक्के. म्हणजे 'तेवढेच उष्मांक' हे शरीराच्या जमाखर्चातही अगदी तेवढेच राहत नाहीत.

आता ही पुस्तकी चर्चा बाजूला ठेवून माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण सांगते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला दिवाळीनंतर पाहुणे पाहायला येणार होते. वजन साठीच्या आत आणायचे, असे घरच्यांनी बजावले. तिने १२०० उष्मांकांची मर्यादा ठरवली आणि ती इमानेइतबारे पाळली. चार कप गोड चहा, दिवसभरात दीडशे ग्रॅम ग्लुकोज बिस्किटे आणि रात्री एक पोळी-भाजी. हिशेब करून पाहा: चहाचे सुमारे २८०, बिस्किटांचे ६७५, पोळी-भाजीचे २०० च्या आसपास. बेरीज १२०० च्या आत. दीड महिन्यात पाच किलो वजन उतरले. सगळ्यांनी कौतुक केले. पुढे जिना चढताना तिला घेरी येऊ लागली, केस विंचरताना हातात येऊ लागले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या घरात निघाले. बाईच्या रक्तात ते १२ तरी हवे. आता हे सारे दीड महिन्यातच घडले असे मी म्हणणार नाही. रक्त आधीपासून कमीच असणार. परंतु कमी रक्ताच्या त्या मुलीने आपल्या ताटातून नेमके रक्त देणारे पदार्थच काढून टाकले आणि आकडा मात्र बिनचूक सांभाळला!

तिच्या त्या आहारात दिवसाला जेमतेम २० ग्रॅम प्रथिने पडत होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ती ४६ ग्रॅम लागतात. बैठे काम करणाऱ्या अशा स्त्रीला दिवसाला १६६० उष्मांक लागतात असेही तीच संस्था सांगते. तेव्हा १२०० ही मर्यादासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालून घेऊ नये. तरीही वादासाठी तोच आकडा धरून आमच्याकडचे ताट मांडून पाहू. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या तीन मध्यम भाकरी, उष्मांक ५२५. पाऊण मूठ नव्हे, चांगली ७५ ग्रॅम मटकी मोड आणून केलेली उसळ, तिचे २५०. दोनशे ग्रॅम पालेभाजी, ६०. दिवसभराच्या स्वयंपाकात चहाचे तीन चमचे तेल, १३५. मोठी वाटीभर दही, ९०. कमी साखरेचा दोन कप चहा, ९०. बेरीज ११५०. आणि प्रथिने? सुमारे ४५ ग्रॅम! उष्मांक तेवढेच, पण एका ताटात पोट भरते, तंतू मिळतात, लोह आणि चुना मिळतो, आणि दुसऱ्यात घेरी. ह्यात बदाम नाहीत, ओट्स नाहीत, परदेशी फळे नाहीत. एवढ्या ज्वारीला आणि मटकीला काही श्रीमंती लागत नाही. आमच्या भागातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; मैत्रिणींच्या 'डाएट'मध्ये मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

कोणी म्हणेल, ही सारी निवड करण्याची चैन गरिबाला कुठली? आक्षेप रास्त आहे. मेसमध्ये जे वाढले जाईल ते खावे लागते आणि खिशात दहा रुपये असले तर बिस्किटाचा पुडाच येतो, वाटीभर उसळ येत नाही. पण ह्यातून निवड बिनमहत्त्वाची ठरत नाही; ती सर्वांच्या आवाक्यात आणली पाहिजे, एवढेच ठरते. दारिद्र्य मोजणाऱ्या तज्ज्ञांनाही पुढे हेच जाणवले. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकांच्या दाव्याला बांधून ठेवण्याची पद्धत सोडून दिली. गरिबाची भूक जर एका आकड्यात मावत नसेल, तर आपले आरोग्य तरी कसे मावावे?

कोणी ह्याच्या उलट टोकाला जाऊन म्हणेल, मग मोजूच नये. आमच्या आज्या-पणज्यांनी कुठे मोजले होते? हेही मला पटत नाही. माझी आई सुगीत दिवसभर ज्वारी उपटते. बुडख्यांनी तिच्या तळहातांची साले निघतात. ती तीन भाकरी खाते आणि त्या तिला पुरत नाहीत. मी दिवसभर बाकावर आणि संध्याकाळी ग्रंथालयात बसते. सुट्टीत घरी गेले की ती म्हणते, "दोन घास जास्त खा, तिकडं कोण वाढणार हाय?" तिच्या मायेला माप नाही, पण माझ्या बसण्याला आहे! तिच्याएवढे खाऊन मी तिच्यासारखी राहणार नाही, हे मला उष्मांकांच्या तक्त्यानेच समजावले. त्या ज्ञानाबद्दल मी कृतज्ञ आहे. फक्त त्या तक्त्याचा वापर पहिल्या पायरीवर संपू नये. शिवाय मोबाइलमधली 'एक भाकरी' किती मोठी, हे मोबाइलला ठाऊक नसते. आमच्या आईच्या एका भाकरीत शहरातल्या दोन भाकरी सहज निघतील.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले, आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय! ही दोन टक्केवाऱ्यांची बेरीज कोणी करू नये. कारण कित्येकींच्या वाट्याला दोन्ही दुखणी एकदम येत असणार. अंगावर वजन आहे आणि अंगात रक्त नाही, अशा मुलीला 'फक्त उष्मांक कमी कर' एवढाच सल्ला देणे म्हणजे तिची एक पीडा कमी करताना दुसरी वाढवणे होय. पाहुण्यांना तिचे वजन विचारायचे सुचते, हिमोग्लोबिन विचारायचे सुचत नाही. निदान आपण मुलींनी तरी ते स्वतःला विचारायला हवे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांनी उष्मांक जरूर मोजावेत. पण त्याआधी रक्त तपासून घ्यावे. ताटात प्रथम कडधान्य, पालेभाजी आणि दही ह्यांची जागा राखावी, नंतर उरलेल्या उष्मांकांत भाकरी-भात बसवावा आणि तेल-साखरेवर हात आखडता घ्यावा. आणि आपल्या मेस समितीला एक विनंती आहे. न्याहरीला रोज पाव किंवा बिस्किटे देण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस तरी मोड आलेल्या कडधान्याची उसळ द्यावी. खर्च फार वाढेल असे मला वाटत नाही. वाढलाच, तर किती वाढतो ह्याचा हिशेब मांडायला आम्ही विद्यार्थिनी आनंदाने बसू. हिशेबाची सवय आता आम्हाला झालेलीच आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.